जोडीचा नियम, एकटीचं परमिट

हुपरी, १८ जून २०२५

'चि.' लिहिलं आणि 'सौ.'पाशी पेन अडलं. लग्न काही आम्ही बघितलं नाही. पण तीन वर्षं झाली म्हणजे झालंच की ते. माझं पेन अडून आता कुणाचं काय अडणार आहे? तर चि. सौ. अपूर्वा,

तुझा निरोप निशिगंधानं मला वाचून दाखवला. हीच ती मोटार ट्रेनिंग स्कूलवाली, जिनं मला पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकवली. आईला तीन वर्षं एक शब्द नाही, आणि आता परक्या बाईच्या फोनवर निरोप पाठवलास तो काय, तर "आई, तू गाडी चालवतेस म्हणे. मला सप्टेंबरात गाडी चालवणारं माणूस पाहिजे. येशील?" कशी आहेस नाही, पाया पडते नाही. ड्रायव्हर पाहिजे अशी जाहिरात दिल्यासारखं. अगदी अण्णांची लेक शोभतेस. मी तिथंच रडायला लागले, तर निशिगंधा माझ्यावरच खेकसली, की अक्का, पुढच्या बॅचची पोरं दारात हायती, डोळं पुसा आधी.

बाकीचं मी तिच्याकडून खोदून काढलं. मागच्या वर्षी यशराज पहाटे गाईंच्या धारांना गेलेला असताना तुला अंगावरून जायला लागलं, आणि तू एकटीनं गाडी काढून तासाभराच्या दवाखान्यात गेलीस. परत आलीस ती रिकाम्या कुशीनं. हे मला आज कळतंय. तू रस्त्यात असशील तेव्हा इथं मी काय करत होते कोण जाणे, मटकी निवडत असेन. या वेळी सिझेरियनच ठरलंय, नंतर दीड महिना स्टेअरिंगला हात लावायचा नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत न्यूझीलंडातल्या तुमच्या गाई व्यायच्या, म्हणजे यशराजला मान वर करायला सवड नाही. त्याच्या आईला सायकल येत नाही आणि कागलातल्या म्हशी तिला सोडत नाहीत. राहिले मी.

कागदावर का लिहितेय, तर माझा फोन गाडीला जोडलेला असतो, आणि गाडीच्या स्पीकरमधली ती बाई मेसेज आला की मोठ्यांदा वाचते. अण्णांनीच करून घेतलंय तसं. त्यांना आता फोनमध्ये डोळे घालायचा कंटाळा येतो. गाडी चालवायचाही येतो. म्हणून रोज मी त्यांना कोल्हापुरातनं हुपरीला आणते. ते पैंजणांच्या कारखान्यात बसतात, मधेच कुणाकडं जायचं असलं की मी नेते, आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून त्याआधी घरी परत. बाकी वेळ मी लिंबाच्या सावलीत गाडीत बसलेली. तिथूनच हे लिहितेय. उत्तर निशिगंधाच्याच फोनवर पाठव.

'येते' असं मी अजून लिहिलेलं नाही, हे बघ. कागद तेवढे करायला घेते.

तुझी आई


हुपरी, १० जुलै २०२५

चि. सौ. अपूर्वा,

व्हिसा आला. तू तिकडून आणि निशिगंधानं इकडून काय काय भरलंत देव जाणे, मी फक्त फोटोला बसले आणि कपाटातला पासपोर्ट काढून दिला. तुझं शिक्षण पुरं झालं की दोघं मिळून यायचं म्हणून काढले होते ते. अण्णांचा आणि माझा पासपोर्ट एकाच रबरात होते. माझा काढल्यावर त्यांचा एकटा राहिला, तो मी परत रबर लावून ठेवला, उगीच.

तू पाठवलेलं तिकीटही मिळालं, ३ सप्टेंबरचं. आता परमिट. तुमच्या तिकडच्या विमावाल्यांना परमिट दाखवल्याशिवाय मला तुझी गाडी चालवू द्यायची नाही म्हणतेस, तर काढते. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, की बाई धडधाकट आहे आणि हिला दिसतं. निशिगंधा म्हणाली कुठल्याही डॉक्टरकडं चला, पण मी शहाणी गेले आपल्या नेहमीच्यांकडं. त्यांनी मला खिडकीत उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचायला सांगितला. मी नंबर वाचला, वर काचेवर चिकटवलेलं देवाचं नावही वाचलं. हसले डॉक्टर. म्हणाले, डोळे उत्तम आहेत तुमचे, तुमच्या बाबासोंनाच तेवढं परत घेऊन या, ते टाळतायत. मी आणते म्हटलं आणि छत्री उचलून बाहेर पडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण पेनानं लिहिलेलं खोडलं की जास्तच दिसतं. विचारू नको.

गेले कित्येक दिवस मी घरात चोरासारखी वावरतेय. आपल्याच घरात, आपल्याच पासपोर्टासाठी. अण्णा हाक मारतात, मी पुढ्यात जाऊन उभी राहते. सांगायला तोंड उघडते आणि विचारते काय, तर भाकरी वाढू का?

आई


हुपरी, २४ जुलै २०२५

चि. सौ. अपूर्वा,

'विचारू नको' म्हटलं की पहिलं तेच विचारायचं, ही तुझी खोड लहानपणापासूनची. अण्णांना काहीही झालेलं नाही. वय झालंय.

काल आरटीओत जाऊन आले. अण्णांना हुपरीत सोडलं, निशिगंधाकडं काम आहे म्हटलं, आणि परत फिरले. निशिगंधा बरोबर होती. तिथं तिला सगळे ओळखतात, ती चालते पुढं आणि लोक वाट देतात. मी मागून पदर सावरत. खिडकीतल्या मुलीनं लायसन्स, व्हिसा, तिकीट सगळं बघितलं आणि विचारलं की काकू, एकट्याच जाताय? चांगल्या मनानं विचारलं बिचारीनं. निशिगंधाच म्हणाली, "एकटीच. गाडी चालवायला दोघं लागतात व्हय?"

फोटो काढला. टिकली जरा वाकडी आलीय. मी आयुष्यात एकटीच्या फोटोला फार कमी बसलेय, सगळीकडं ह्यांच्या डाव्या अंगाला उभी असते, म्हणून मानही तशी जरा उजवीकडं गेली. मुलगी म्हणाली काकू, समोर बघा. तयार झालं की मेसेज येईल, मग येऊन घेऊन जा म्हणाली.

येताना पुलावर मी काच खाली केली आणि वारा तोंडावर घेतला. खूप बरं वाटलं बघ. मग हुपरीचा फाटा आला आणि काच वर केली.

आई


हुपरी, २ ऑगस्ट २०२५

अपूर्वा,

फुटलं सगळं. आणि माझ्याच मूर्खपणानं. तुझा एक मेसेज गाडीत वाजू नये म्हणून दीड महिना पोस्टाच्या चकरा मारल्या, आणि त्या मुलीनं मेसेज येईल म्हणून सांगितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला नाही. तुझे मेसेज टाळले, सरकारचा कसा टाळणार होते?

परवा हुपरीहून परत निघालो होतो. खताच्या ट्रॉलीमागं सावकाश चाललेलो. आणि गाडीतली बाई बोलली. इंग्रजीतच बोलली, पण 'इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट' कळायला इंग्रजी कशाला लागतंय? पुढं माझं सगळं नाव वाचलं, रत्नाबाई बाबासो अमुक तमुक, अगदी शाळेत हजेरी घेतात तसं. ट्रॉली वळून गेली तरी मी तिच्याच वेगानं चालवत होते. कोल्हापुरात शिरलो तेव्हा अण्णा म्हणाले, उद्या घे जाऊन.

दुसऱ्या दिवशी मी परमिट घेऊन आले तेव्हा ते गाडीतच बसून होते. हात पुढं केला. चांदीचा जोड पारखतात तसं ते पुस्तक त्यांनी हातावर तोललं, कडा बोटांनी बघितल्या, फोटोवरनं अंगठा फिरवला. मग विचारलं, "ह्यात माझं नाव हाय?"

मी म्हटलं, नवऱ्याचं नाव लावते तेवढं हाय. परमिट एकटीचं असतंय.

आता तुला सांगते, कारण आता लपवून कुणाचं भलं होणार आहे? त्यांना दिसत नाही, अपूर्वा. साखरेनं डोळे खाल्ले. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरनं. तू गेलीस त्याच्या आधीपासून सुरू झालं होतं. मी गाडी हौसेनं शिकले असं तुला निशिगंधानं सांगितलं असेल, मीच तिला तसं सांगितलंय. हौस कसली! एका संध्याकाळी त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या दगडावर घातली, आणि मला म्हणाले, उद्यापासनं तू शिक, आणि का शिकतेस ते कुणाला सांगू नको. पोरीला तर मुळीच नको. चांदीच्या धंद्यात शेठला दिसत नाही म्हटलं की बाजार काय करतो, त्यांना माहीत आहे. म्हणून मी चालवते, मी वाचते, कुणी समोर आलं की मीच आधी नाव घेऊन बोलते, म्हणजे त्यांना कळावं. गेली चार वर्षं मी त्यांचे डोळे आहे, आणि डोळ्यांना कुठं जायला येतंय?

आणि एवढ्यावर भागत नाही. नियम आहे. तुला माहीत नसणार, तू आम्हाला न विचारता लग्न केल्याची बातमी आली त्याच चातुर्मासातली गोष्ट. मुनिमहाराजांच्या प्रवचनाला मंडप भरलेला. अण्णा श्रीफळ घेऊन उठले, मला उठ म्हणाले. मला वाटलं उपवासाचा नियम घेणार असतील. महाराजांपुढं उभं राहून त्यांनी दिग्व्रत मागितलं. म्हणजे दिशांची हद्द घालून घ्यायची. आजन्म समुद्रापलीकडं पाऊल टाकणार नाही, आणि हा नियम जोडीनं घेतोय, असं म्हणाले. सगळा मंडप माझ्याकडं बघतोय. श्रीफळावर त्यांच्या हाताखाली माझा हात. महाराजांनी आशीर्वाद दिला, बायकांनी जयजयकार केला, मी हात जोडले. झालं. आपल्यात नियम मोडलेल्या बाईकडं कसं बघतात ते तू विसरली असशील तर आठवून बघ.

काल रात्री त्यांनी एवढंच विचारलं, "नियमाचं काय?" तिकडं तू पोट धरून वाट बघतेस, इकडं हे भिंत धरून चालतात, आणि मधे मी, हातात सरकारी परमिट घेऊन. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते असं. जगातल्या कुठल्या कुठल्या भाषांत छापलंय त्यात, की या बाईला गाडी चालवू द्या. माझ्या घरात वाचता येईल अशी भाषा त्यात नाही.

आई


कोल्हापूर, ११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अपूर्वा,

तुझा निरोप मिळाला. "आई, राहू दे, मी करते काहीतरी." हे वाचून मला जास्त राग आला. काय करशील? टाके घातलेल्या पोटानं गियर टाकशील?

मी माताजींकडं जाऊन आले. या वर्षी आपल्या जैन मंदिरात आर्यिका माताजींचा, साध्वींचा, चातुर्मास आहे. दुपारी गर्दी नसते तेव्हा गेले, आणि सगळं सांगितलं, तुझं, डोळ्यांचं, परमिटाचं. मग म्हणाल्या, नियम मनानं, वचनानं आणि कायेनं घ्यायचा असतो, तुझं त्यात काय काय होतं? मी म्हटलं, काया होती, हात जोडलेले होते. वचन ह्यांचं होतं. आणि मन? खरं सांगू, तेव्हा माझ्या मनात हे होतं की लग्नात तुला हिरव्या बांगड्या कुणी भरल्या असतील. तेही सांगितलं.

मला वाटलं होतं त्या आता मोकळी आहेस म्हणतील. तसं कुठलं! म्हणाल्या, जोडीचा म्हणून ज्यानं उच्चारलाय त्यालाच विचार, दुसऱ्याच्या मनाचं त्यानं कशावरून सांगितलं. त्यानं जोडी सोडवली तर तू मोकळी. नाही सोडवली तर मला येऊन सांगू नको, तुझं तूच ठरव.

संध्याकाळी ह्यांना घरी आणून जेवायला वाढलं आणि मी विचारलं. उभ्या उभ्याच विचारलं, नाहीतर धीर झाला नसता. ते जेवत होते, हात थांबला. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि उठले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही असं नाही. उजवीकडं पायरी आहे, समोर अमके तमके आलेत, एवढं बोलते मी. ते व्हय म्हणतात. पण त्या प्रश्नाचं उत्तर घरात कुठंतरी पडलंय आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून चालतो.

तू म्हणशील, आई, कशाला विचारतेस, निघून ये. तूच म्हणणार ते. पण तू गेलीस तेव्हा तुझ्यामागं मी होते. मी गेले तर मागं कोण आहे? मी त्यांना सोडवणूक मागतेय ती नुसती नियमाची नाही गं. ती दिली की त्यांच्या पायाखालची पायरी गेली, हे त्यांना कळतंय आणि मलाही कळतंय. हातातला घास काढून मागावा तसं मागतेय मी. लाज वाटते. आणि तू रस्त्यात एकटी गाडी चालवत गेलीस ते आठवलं की ती लाजही जाते आणि नुसता संताप येतो, त्यांचा, तुझा, माझा.

परमिट गाडीच्या कप्प्यात ठेवलंय. घरात ठेवायला जागा सापडली नाही.

आई


कोल्हापूर, २१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अपूर्वा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मीच शेजारी बसलेली असेन बहुतेक. आता फोनही करता येतो, दुपारी केलाच की. पण फोनवर मी नुसती रडले आणि तू नुसती "आई, काय झालं ते सांग" म्हणत राहिलीस, म्हणून लिहूनच ठेवते.

आज सकाळी चावी घेतली तर अण्णा म्हणाले, "गाडी काढू नको. रिक्षा बोलाव." कुठं जायचं सांगेनात. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याला म्हणाले, स्टँड. स्वतःची गाडी घेऊन त्यांना तीस वर्षं झाली, तेव्हापासून एसटीची पायरी ते चढलेले नाहीत. स्टँडवर उतरलो. रेटारेटी, पावसाचं पाणी साचलेलं, गाड्या मागं घेतायत आणि कंडक्टर शिट्ट्या मारतायत. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. म्हणाले, त्या खांबाजवळ थांब, आणि मी काय बी केलं तरी येऊ नको. तू इथं न्हाईसच असं समज.

मी थांबले. अपूर्वा, जन्मात एवढं अवघड काही केलं नसेल. ते फलाटाच्या कडेला उभे होते, पांढरा सदरा, टोपी, हातात डबा. त्यांना पाट्या दिसत नाहीत. हुपरीची गाडी लागली, मला दिसली, त्यांच्या पुढ्यात लागली. ती भरली आणि निघून गेली. ते तसेच. कुणीतरी धक्का मारून गेलं, डबा पडता पडता राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं. पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिले मी. बऱ्याच वेळानं दुसरी लागली, आणि ते मान वळवून नुसता आवाज ऐकतायत. नजरेनं भीक मागायला नजर नाही आणि तोंडानं मागायची सवय नाही. हीही जाते की काय असं झालं. ड्रायव्हर चढला सुद्धा.

तेव्हा ते बोलले. तुला त्यांचा आवाज माहीत आहे, कारखान्यात मागच्या खोलीपर्यंत जातो. अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पावणं, मला दिसत न्हाय. हुपरीची गाडी कुठली?"

चार वर्षं जे सख्ख्या लेकीला सांगू दिलं नाही, ते त्यांनी स्टँडवर सांगितलं. आणि काय झालं? काही नाही. एका माणसानं त्यांचा डबा घेतला, दुसऱ्यानं दंड धरला, म्हणाला चला की काका, मी बी हुपरीलाच उतरणार हाय. दारातल्या बाईनं सरकून जागा केली. बाजार उठला नाही, आभाळ पडलं नाही. त्या फलाटावर हुपरीचे लोक किती असतील! संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार. त्यांना ते माहीत होतं. म्हणून तर मोठ्यांदा बोलले.

दारात चढून ते मागं वळले. मी खांबाजवळ उभी होते, पण त्यांनी तोंड केलं ते पार दुसरीकडं, वडापावच्या गाड्याकडं. तिकडं बघून म्हणाले, "रत्ना, ऐक. त्या दिवशी नियम घेताना मी एकटाच बोललो हुतो. तू कुठं काय बोललीस?"

तिथं मी नव्हते. मी पलीकडं होते, आणि मला ऐकू आलं. घंटी वाजली, गाडी गेली. येऊ नको म्हटल्याप्रमाणं मी तिथंच राहिले, मग पाय मोकळे करावेत म्हणून घरी चालत आले.

संध्याकाळी अण्णा एसटीनंच आले, दिवस मावळायच्या आत. पायजम्याला चिखल, गुडघा जरा खरचटलेला. पडलात काय विचारलं तर म्हणाले, पडलो, उठलो, त्यात काय. मग खिशातनं बाळासाठी वाळे काढले. घुंगरांचा आवाज बारीक असावा की मोठा, यावर बायकांनी कारखान्यात वाद घातला म्हणे. त्यांनी मोठा ठेवला. पोर कुठं रांगतंय ते कळलं पाहिजे, म्हणाले. ते स्वतः येणार नाहीत. नियम त्यांचा आहे आणि ते पाळणार, त्यात आपण कुणी बोलायचं नाही. फोनवर वाळ्यांचा आवाज ऐकवू.

मला अजून धीर नाही. मी नसताना ते पायरी चुकतील, मी विमानात असेन. निशिगंधा रोज बघून जाईन म्हणते. पण तिकीट ३ तारखेचंच आहे आणि परमिट आता माझ्या पर्समध्ये आहे. गाडीच्या कप्प्यातनं आज मीच काढलं.

यशराजला म्हणावं, विमानतळावर येताना मागच्या सीटवर बसायची तयारी ठेव. गाडी मी चालवणार आहे.

तुझी आई
रत्ना